अतिचंचल बालक : गोळी, वर्तनोपचार आणि आपली चिकित्सा

"डॉक्टर, ही गोळी बंद केली तर चालेल ना? आयुर्वेदात यावर काहीतरी असेलच!" आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली माता मानसरोगतज्ज्ञाने लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवते आणि हा प्रश्न विचारते. बालरुग्ण पाहणाऱ्या बहुतेक वैद्यबंधूंना हा प्रसंग परिचित असेल. या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो त्यावर त्या बालकाचे निदान एक शैक्षणिक वर्ष, आणि पुष्कळदा घरातील शांतताही, अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने याच प्रश्नाला "अवश्य बंद करा" असे उत्तर दिले होते. मुलगा नऊ वर्षांचा. गोळीमुळे त्याची भूक मंदावली होती, वजन वाढत नव्हते. मातेची तक्रार रास्त होती. गोळी थांबवून ब्राह्मीघृत सुरू केले. भूक परतली, चेहरा भरला, माता संतुष्ट झाली आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही संतुष्ट झालो. सहामाही परीक्षेनंतर मुलाचे वडील एकटेच भेटावयास आले. शाळेतून रोज तक्रार येत होती, मुलाला वर्गाबाहेर उभे केले जात होते, आणि आपण त्याला दोनदा पट्ट्याने मारले हे त्यांनी खाली मान घालून सांगितले. भूक सुधारली एवढेच आम्ही मोजले होते. वर्गात काय चालले आहे हे विचारलेच नव्हते.

त्या प्रसंगानंतर या विषयावरील आधुनिक संशोधन मुळातून वाचण्याची गरज वाटली. त्यातून जे हाती आले ते या लेखात मांडले आहे.

व्याधीची ओळख

एडीएचडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारास मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. जगभरातील अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात बालके व किशोर यांच्यामधील त्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के आढळले. निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र नाही. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या 2013 च्या निकषांनुसार अवधानाच्या अथवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात (सतरा वर्षे व त्यापुढील वयात पाच पुरतात). काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. केवळ घरी दंगा करणारे व शाळेत शांत बसणारे मूल, किंवा याच्या उलट, या व्याधीचे असेलच असे नाही.

अवधान नसण्याची इतर कारणे आपण स्वतः शोधली पाहिजेत. कमी ऐकू येणे, फळा न दिसणे, नाकामागील ग्रंथी वाढल्याने रात्री घोरणे व झोपमोड, क्षणभर शून्यात पाहणारे अपस्माराचे सौम्य वेग, वाचन-लेखनाची अध्ययन-अक्षमता ही त्यांतील ठळक होत. रक्ताल्पताही विसरू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील 67.1 टक्के बालकांत ती आढळली होती. अशा बालकाचे अवधान मेध्य औषधाने सुधारावयाचे की लोहाने, याचे उत्तर हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय देऊ नये.

आपल्या ग्रंथांत या व्याधीचे नाव शोधण्याचा मोह अनेकांना होतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ऐंशी वातविकारांत अनवस्थितचित्तत्व सांगितले आहे, ते लक्षण जुळते हे खरे. परंतु एका लक्षणाच्या साम्यावरून संपूर्ण व्याधी एकच मानणे हे निदान नव्हे. मनाच्या कर्मांत सांगितलेले इंद्रियाभिग्रह आणि स्वस्य निग्रह, तसेच धी, धृति व स्मृति यांचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. या बालकांत बुद्धी बहुधा उत्तम असते. उणेपणा धृतीचा असतो. काय करावे हे त्याला ठाऊक असते, त्या क्षणी ते करवत नाही. "मुद्दाम करतो" असे म्हणणाऱ्या पालकांना हा भेद समजावून सांगितला तरी निम्मे काम होते.

गोळी काय करते

1937 साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन वैद्यकाने आपल्या बालरुग्णालयातील मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले असता अनेकांचे अभ्यासातील लक्ष आश्चर्यकारक सुधारले, ही या उपचाराची सुरुवात. आज सर्वाधिक वापरात असलेले मिथाइलफेनिडेट हे औषध 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या लिआंद्रो पॅनिझॉन या रसायनज्ञाने तयार केले. त्याचे रिटालिन हे नाव त्याने पत्नी मार्गरीट, म्हणजे रीटा, हिच्यावरून ठेवले. चंचल मुलास उत्तेजक औषध देणे विपरीत वाटते. परंतु मेंदूच्या अग्रभागातील नियंत्रण करणाऱ्या केंद्रांना डोपामिन व नॉरएड्रेनलिन अधिक काळ उपलब्ध करून देणे हे त्याचे कार्य. ज्याला आवर घालावयाचा तो सारथीच जागा होतो, असे म्हणता येईल.

साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एका तासात दिसतो व तीन-चार तासांत संपतो. दीर्घकाळ स्रवणारी रूपे अधिक वेळ टिकतात. गोळी उतरली की लक्षणे पूर्ववत होतात. म्हणजे ही चिकित्सा त्या काळापुरती आहे, अपुनर्भव साधणारी नाही. भूक मंदावणे, उशिरा झोप लागणे, पोटदुखी, डोकेदुखी, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम. आपल्या देशात हे औषध अनुसूची एक्स मध्ये असल्याने ते ठेवण्यास औषधविक्रेत्याला स्वतंत्र परवाना लागतो. लहान गावी ते सहजी न मिळण्याचे हे एक कारण आहे. ॲटोमोक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध आहे. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. क्वचित यकृतास इजा व काही मुलांत आत्मघाताचे विचार संभवतात, म्हणून त्यावर इशारा छापलेला असतो.

येथे एक गोष्ट प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावी. काही बालकांना क्लोनिडिन दिलेले असते. ते एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळून वर जातो. पट्टीवरील नाव न वाचता "सर्व ॲलोपॅथी आजपासून बंद" असे सांगणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसावे.

तुलनेचा मोठा प्रयोग

औषध श्रेष्ठ की वर्तनोपचार, या प्रश्नावर आजवर झालेला सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा. 1999 च्या डिसेंबरात तो प्रसिद्ध झाला. सात ते दहा वर्षे वयोगटातील 579 बालकांचे यदृच्छया चार गट केले गेले. पहिल्यास काळजीपूर्वक मात्रा ठरवून दरमहा तपासणीसह औषध, दुसऱ्यास केवळ सखोल वर्तनोपचार, तिसऱ्यास दोन्ही, आणि चौथ्यास गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडील उपचार. कालावधी चौदा महिने.

वर्तनोपचार म्हणजे दोन-चार उपदेशाच्या गोष्टी नव्हेत, हे त्या गटाचा तपशील पाहिल्यावर कळते. पालकांसाठी 27 सामूहिक व 8 वैयक्तिक बैठका, मुलांसाठी उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे शिबिर, शिक्षकांशी नियमित विचारविनिमय आणि वर्गात बारा आठवडे मदतनीस! इतके करूनही चंचलता व अनवधान या मूळ लक्षणांवर औषधाचा गट वर्तनोपचाराच्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे राहिला. चौदा महिन्यांअखेर लक्षणे जवळजवळ सामान्य पातळीवर आलेल्या बालकांचे प्रमाण दोन्ही उपचार घेणाऱ्यांत 68 टक्के, केवळ औषध घेणाऱ्यांत 56, केवळ वर्तनोपचार घेणाऱ्यांत 34 आणि नेहमीच्या उपचारांत 25 टक्के होते.

या शेवटच्या आकड्याजवळ थोडे थांबावे. चौथ्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते. तरीही निकाल सर्वांत खाली. पहिल्या गटात मात्रा मुलागणिक निश्चित केली होती, दर महिन्यास पालकांशी बोलणे होते, शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती. गोळ्यांच्या जाती त्याच, पण त्या देण्याची रीत निराळी! मात्रा, काल आणि रुग्णाची प्रकृती यांचा विचार करून दिलेले औषध व नुसते लिहून दिलेले औषध यांतील भेद आपणांस नव्याने सांगावयास नको.

दोन्ही उपचार घेणाऱ्या गटाची मूळ लक्षणे केवळ औषधाच्या गटाहून फारशी अधिक सुधारली नाहीत. मात्र हट्टीपणा, भय-खिन्नता, पालकांशी नाते, वाचन अशा बाबतींत नेहमीच्या उपचारांहून सरस ठरला तो प्रामुख्याने हाच गट. शिवाय त्या मुलांना औषधाची मात्रा कमी लागली. अखेरीस दिवसाला सरासरी 31 मिलिग्रॅम, तर केवळ औषधाच्या गटात 38 च्या आसपास.

पुढील कथा मात्र गोळीच्या समर्थकांना नम्र करणारी आहे. 2007 मध्ये तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष आले तेव्हा चारही गटांतील फरक पुसला गेला होता. प्रयोग संपल्यावर अनेकांनी औषध सोडले होते, वर्तनोपचार गटातील अनेकांनी ते सुरू केले होते, हे त्याचे एक कारण. पण चौदा महिन्यांचा उत्तम उपचार पुढील आयुष्याची शाश्वती देत नाही, हेही तितकेच खरे. सलग औषध घेतलेली मुले न घेतलेल्यांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरने ठेंगणी आढळली. उंचीवजनाची नोंद दर भेटीस का करावी, ते यावरून कळावे.

वयानुसार उत्तर बदलते. सहा वर्षांखालील मुलांत औषधाचा गुण कमी व दुष्परिणाम अधिक दिसतात. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत चार ते सहा वर्षांच्या बालकांसाठी पालक-प्रशिक्षण हाच प्रथम उपचार सांगितला आहे. सहानंतर औषध व वर्तनोपचार दोन्ही. इंग्लंडची 2018 ची मार्गदर्शिका तर पाच वर्षांखालील बालकास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याविना औषध देऊच नये म्हणते.

गुण कोणाला दिसला?

औषधाविनाच्या उपचारांचा विचार करताना 2013 साली अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात आलेले एक विश्लेषण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. आहारातील बदल, मेदाम्ले, वर्तनोपचार, अवधानाचे संगणकीय व्यायाम, न्यूरोफीडबॅक या सर्वांचे प्रयोग त्यात तपासले. उपचारात स्वतः सहभागी असलेल्या पालकांनी गुण मोजला, तेव्हा हे सर्व उपाय गुणकारी ठरले. कोणत्या मुलास काय दिले हे ठाऊक नसलेल्याने मोजला, तेव्हा बहुतेकांचा गुण विरला. उरले दोनच : कृत्रिम रंग वर्ज्य करणे आणि मेदाम्ले, त्यांतही मेदाम्लांचा परिणाम अगदी अल्प. वर्तनोपचार यामुळे निरुपयोगी ठरत नाही, कारण त्याचा लाभ पालकांची वागणूक व मुलाचा हट्टीपणा यांवर दिसतो. मूळ लक्षणांवर तो तितका सिद्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ. महानगरांत मोठे शुल्क आकारून दिला जाणारा न्यूरोफीडबॅक 2021 मधील अमेरिकन प्रयोगात लुटुपुटुच्या उपचाराहून सरस ठरला नाही.

रंगांविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. 2007 मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील प्रयोगात व्याधी नसलेल्या तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांतही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलता वाढल्याचे दिसले. 2010 पासून युरोपीय संघात तशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडील रंगीत गोळ्या, पेप्सीकोला, गाड्यावरचा बर्फाचा गोळा यांना असा इशारा कोण छापणार! हे अपथ्य आपण निःशंकपणे सांगावे. साखरेने मूल चंचल होते हा समज मात्र 1990 च्या दशकातील नियंत्रित प्रयोगांत टिकला नाही. गोड कमी देण्यास इतर कारणे पुष्कळ आहेत.

हीच कसोटी आपल्या औषधांना लावावयास हवी. "माझ्याकडे शंभर मुलांना गुण आला" असे अधिवेशनात सांगणाऱ्या वैद्याकडे तो गुण कोणी मोजला, असे विचारावे. आमच्या त्या नऊ वर्षांच्या रुग्णाचा गुण मातेने व आम्ही मोजला होता.

मेध्य द्रव्यांविषयी

चरकसंहितेत रसायनाध्यायाच्या तिसऱ्या पादात मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी अशी चार मेध्य रसायने येतात. पहिली अडचण वनस्पतीच्या ओळखीची. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून बाजारात पुष्कळदा मिळते ती कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी; संशोधनातील बहुतेक प्रयोग मात्र पाणथळ जागी वाढणाऱ्या जलब्राह्मीवर झालेले आहेत. शंखपुष्पीचा घोळ त्याहून मोठा आहे : कोठे एक, कोठे दुसरी, आणि केरळात तर गोकर्ण. एका वनस्पतीचा पुरावा दुसरीच्या बाटलीवर चिकटवता येत नाही.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेल्या जलब्राह्मीच्या अर्काचा ऑस्ट्रेलियातील सहा ते चौदा वर्षांच्या चंचल मुलांवर चौदा आठवडे प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तनाच्या मुख्य मोजमापात अर्क व निष्क्रिय गोळी यांत फरक आढळला नाही. विचार वळवण्याची क्षमता, झोप अशा काही दुय्यम बाबींत सुधारणा दिसली. आपण ब्राह्मी देऊ नये असा याचा अर्थ नाही; परंतु ती गोळीची जागा घेते असे मातेस सांगण्याचा अधिकार या पुराव्याने मिळत नाही.

रसकल्पांविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. 2004 मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळले. त्या अहवालाच्या पद्धतीवर आपल्या क्षेत्रातून आक्षेप घेतले गेले; असो. शिसे बालकाच्या मेंदूवर जो परिणाम करते त्यात अनवधान व चंचलता ही प्रमुख लक्षणे आहेत, हा मुद्दा त्या वादाने बदलत नाही. ज्या व्याधीसाठी औषध द्यावे तीच व्याधी औषधाने वाढावी, याहून मोठा प्रज्ञापराध कोणता? अतिचंचल बालकास दीर्घकाळ रसौषधी देणे आम्ही सोडून दिले आहे. वेखंडाचेही तसेच. बाळगुटीत उगाळलेला वेढा निराळा आणि महिनोन्महिने पोटात दिलेले चूर्ण निराळे. त्यातील बीटा-ॲसॅरोन या घटकामुळे अमेरिकेत 1968 पासून अन्नपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी आहे. ॲटोमोक्सेटिन चालू असलेल्या मुलास अश्वगंधा देतानाही यकृताचा विचार करावा, कारण अलीकडे अश्वगंधेनेही यकृतास इजा झाल्याची वृत्ते आहेत.

मग वैद्याने करावे काय?

सत्त्वावजय ही चरकाचार्यांनी सांगितलेली तिसरी चिकित्सा : अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. आपण ती व्याख्यानात सांगतो आणि चिठ्ठीवर क्वचितच लिहितो. पालक-प्रशिक्षणाचा आशय याहून फार दूर नाही. एका वेळी एकच सूचना, तीही मुलाजवळ जाऊन व डोळ्यांत पाहून. चांगले वागताच त्याच क्षणी कौतुक. अभ्यासाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे. नियम थोडे पण रोज तेच. शारीरस्थानात बालकास भय दाखवू नये, रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या मुलास राक्षसादिकांची नावे घेऊन घाबरवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पट्टा हातात घेणाऱ्या पित्यास हा आधार दाखवला की तो ऐकतो. आधुनिक शोधनिबंधापेक्षा चरकांचे नाव आपल्याकडे अद्याप अधिक वजनदार आहे.

दिनचर्या हे आपले खरे क्षेत्र. ठरलेल्या वेळी निद्रा, रात्री दूरदर्शन व भ्रमणध्वनी बंद, सायंकाळी मैदानावर धावणे, झोपण्यापूर्वी मातेच्या हाताने पादाभ्यंग. योगासनांवर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत 2013 मध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही औषधाची जोड म्हणून. त्यावरून मोठे दावे करू नयेत, पण सूर्यनमस्कार घालण्यात हानी काहीच नाही. गोळी चालू असलेल्या मुलाची दुपारची भूक मंद असते. अशा वेळी दीपन-पाचनाचा भडिमार करण्यापेक्षा गोळीपूर्वी भरपेट न्याहारी आणि गोळीचा अंमल उतरल्यावर सायंकाळी दूध-तुपासह पूर्ण जेवण द्यावे. ज्या कारणासाठी आम्ही त्या मुलाची गोळी थांबवली होती ते एवढ्यानेही कदाचित आवरले असते.

किशोरवयीन रुग्णांचा प्रश्न आणखी वेगळा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गोळी लपवून फेकतो, कारण मित्रांनी त्याला "वेडा" म्हटलेले असते. येथे आईशी नव्हे, मुलाशी बोलावे लागते. गोळी घेतल्याच्या व न घेतल्याच्या दिवशी गणिताच्या तासाला काय फरक पडतो, हे त्यानेच वहीत लिहावे असे आम्ही सुचवतो. पुष्कळदा तो स्वतःच निर्णयाला येतो, मग तो कोणताही असो.

आता पट्टी टेबलावर आली की आम्ही प्रथम तिच्यावरील नाव व मात्रा वाचतो, उंची व वजन लिहून घेतो आणि शाळेच्या बाईंना चार प्रश्नांची चिठ्ठी पाठवतो. गोळी कमी करण्याजोगी वाटली तर लिहून देणाऱ्या तज्ज्ञास पत्र जाते; उत्तर येईपर्यंत ती चालू राहते. त्या नऊ वर्षांच्या मुलाची गोळी त्याच्या तज्ज्ञाने कमी मात्रेत पुन्हा सुरू केली. वडील मात्र त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे येत राहिले, औषधासाठी नव्हे, बोलण्यासाठी.